मधली निळी जागा

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करणं हे माझं काम. कुणाच्या मानेतली किंवा काखेतली गाठ काढली की ती फॉर्मलिनमध्ये बुडून आमच्याकडे येते. तिचा मेणात ठोकळा करायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलायचे. डॉक्टरांनी बीसीएल-२ या प्रथिनाची तपासणी मागितली असेल, तर पुढची पायरी पाहून नवीन आलेली मुलं हमखास थबकतात. त्या काचा आम्ही चक्क प्रेशर कुकरमध्ये शिजवतो! फॉर्मलिनने गाठीतली प्रथिनं एकमेकांना आवळून टाकलेली असतात. उष्णतेने ती सैल झाली की मगच आपण सोडलेलं प्रतिपिंड बीसीएल-२ला जाऊन चिकटतं. शेवटी रंग चढवला की जिथे हे प्रथिन आहे तिथे तपकिरी छटा उमटते. बाकी ठिकाणी पेशींची केंद्रकं नुसती निळी दिसतात.

साध्या संसर्गाने सुजलेल्या गाठीची अशी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की गोल गोल वस्त्या दिसतात. प्रत्येक वस्तीभोवती दाट तपकिरी कडं आणि मधे मोकळी निळी जागा. फॉलिक्युलर लिम्फोमा नावाचा कर्करोग असेल तर बहुतेक वेळा तीच मधली जागा तपकिरीने गच्च भरलेली असते. हा फरक मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा उलटाच समज झाला होता. मला वाटलं, कडं हा आजार आणि मधला भाग निरोगी. प्रत्यक्षात कडंही निरोगीच असतं. निरोगी गाठीची ओळख पटते ती मधल्या जागेत बीसीएल-२ *नसण्यावरून*. असं का, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते समजलं तेव्हा पेशी मरते म्हणजे काय होतं याबद्दलची माझी कल्पनाच बदलली.

सुरुवात झाडापासून करते. वळवाच्या वादळात आंब्याची फांदी मोडून लोंबकळत राहिली, तर तिची पानं वाळून कोळ होतात, तपकिरी पडतात, पण गळत नाहीत. कितीतरी दिवस तशीच फांदीला धरून असतात. अंगणातल्या देशी बदामाची पानं मात्र लालबुंद होऊन आपोआप गळून पडतात. दोन्ही पानं मेलीच, मग फरक कसला? पान गळणं हे जिवंत झाडाने केलेलं काम असतं. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक खास थर तयार करतं, तो थर सैल करतं आणि पान सोडून देतं. मोडलेल्या फांदीला हे काम पुरं करायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून तिची पानं मरूनही गळत नाहीत.

आपल्या पेशींचंही असंच आहे. एक मरण अपघाताचं. भाजलं, चेंगरलं, रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगते, फुटते, आतला सगळा मालमसाला आजूबाजूला सांडतो आणि तिथे सूज येते. दुसरं मरण पेशी स्वतः घडवून आणते. ती आक्रसते, आपलं डीएनए कापते, स्वतःच्या लहान लहान पुरचुंड्या बांधते आणि पृष्ठभागावर ‘मला खा’ अशी खूण उमटवते. शेजारच्या भक्षक पेशी येऊन त्या पुरचुंड्या गिळतात. ना सूज, ना पू, मागे काही उरत नाही. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलास्टेअर करी या तिघांनी या दुसऱ्या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. ते सुचवलं होतं अॅबर्डीन विद्यापीठातले ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. ग्रीकमध्ये हा शब्द फुलांच्या पाकळ्या किंवा झाडाची पानं गळण्यासाठी वापरतात. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे, पानगळ. मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो.

ही पानगळ आपल्यात रोज चालू असते. गर्भात हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे ३३० अब्ज, म्हणजे ३३ हजार कोटी पेशींची अदलाबदल होते असा एक अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेक रक्तातल्या असतात. जुन्या गेल्या नाहीत तर नव्यांना जागा कुठली?

आता बीसीएल-२कडे वळू. हे प्रथिन सापडलं ते अगदी वेगळ्या वाटेने. सत्तरच्या दशकापासून फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशींत एक विचित्र गोष्ट दिसत होती: १४व्या आणि १८व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेलेले असायचे. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी १९८४ मध्ये हा सांधा नेमका शोधून काढला. तिथे, १८व्या गुणसूत्रावरून आलेलं एक अनोळखी जनुक होतं. त्याला त्यांनी बी-सेल लिम्फोमा-२, थोडक्यात बीसीएल-२ म्हटलं. नावातला २ हा नुसता अनुक्रमांक. बीसीएल-१ त्याआधी बी-पेशींच्या दुसऱ्या एका कर्करोगात सापडलं होतं.

या अदलाबदलीत जनुक बिघडलं नव्हतं, बदलली होती ती त्याची जागा. बी-पेशी ही प्रतिपिंडं बनवणारी पेशी, आणि प्रतिपिंडांचं मुख्य जनुक १४व्या गुणसूत्रावर असतं. बी-पेशीत ते रात्रंदिवस जोरात चालू असतं. एखादं कोरडवाहू शेत एका रात्रीत उचलून पाटाच्या तोंडाशी आणून ठेवावं, तसं बीसीएल-२चं झालं. पिकाचं बियाणं तेच, पण आता पाणी थांबतच नाही.

हे जोडकाम मुळात होतंच कसं? बी-पेशी अस्थिमज्जेत घडत असताना आपल्याच डीएनएचे तुकडे मुद्दाम कापून नव्याने जोडते, त्यातून निरनिराळी प्रतिपिंडं तयार होतात. त्या कापाकापीत क्वचित चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात. आणि ही चूक दिसते तितकी दुर्मीळ नाही. अगदी धडधाकट असलेल्या अनेक माणसांच्या रक्तातही अशा जोडाच्या थोड्या पेशी सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर लिम्फोमा होत नाही. आजारासाठी आणखीही चुका व्हाव्या लागतात.

पुढचा टप्पा मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो. त्या काळी कर्करोगाची जनुकं म्हटली की पेशीला ‘विभागून वाढ, वाढ’ असं ढोसणारी, असंच चित्र होतं. बीसीएल-२ही तसंच असणार असं सगळे धरून चालले होते. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड व्हॉ हा तरुण डॉक्टर पीएच.डी. करत होता. त्याने रक्ताच्या अशा पेशी घेतल्या ज्यांना जगायला बाहेरून एक वाढ-घटक सतत द्यावा लागतो, तो काढून घेतला की त्या लवकरच मरतात. या पेशींत त्याने बीसीएल-२ घातलं आणि वाढ-घटक काढून घेतला. पेशी विभागल्या नाहीत, वाढल्याही नाहीत. पण मेल्याही नाहीत! बशीत नुसत्या बसून राहिल्या, आठवडेच्या आठवडे. पुन्हा वाढ-घटक दिला की कामाला लागल्या. सुझान कोरी आणि जेरी अॅडम्स यांच्यासोबत त्याने हे १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं.

म्हणजे कर्करोगाची वाट जन्म वाढून जशी जाते, तशी मरण थांबूनही जाते. फॉलिक्युलर लिम्फोमा सहसा संथपणे, वर्षानुवर्षं वाढतो तो याच कारणाने. तिथे पेशी भराभर विभागत नाहीत, त्या जायचं नाव घेत नाहीत. गाव लहान आहे, नवी बाळं नेहमीइतकीच जन्मतात, पण कुणी मरतच नाही असं झालं तर गावाचं काय होईल, ते त्या गाठीत झालेलं असतं.

पेशीचं मरण जनुकांनी ठरवून दिलेलं असतं हे दुसरीकडे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत कळत होतं. सी. एलेगन्स हा त्याचा प्रकार. त्याच्या शरीरात घडताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर १३१ मरतात. दर कृमीत त्याच, ठरलेल्या वेळी. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. १९९२ मध्ये व्हॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचं बीसीएल-२ या कृमीत घातलं, तेव्हा मरायच्या पेशींतल्या काही जगल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या प्राण्यात आपलं प्रथिन घालावं आणि ते तिथे ओळखीच्या घरासारखं कामाला लागावं, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पुढे हॉर्विट्झच्याच प्रयोगशाळेत कळलं की कृमीकडे स्वतःचं बीसीएल-२ आहेच. त्याचं नाव सेड-९.

आता हे प्रथिन नेमकं करतं काय? इथे जरा सावकाश जाऊ.

पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या. त्यांना दोन पडदे असतात. या दोन पडद्यांच्या मधल्या फटीत सायटोक्रोम सी नावाचं १०४ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन राहतं. श्वसनात इलेक्ट्रॉनची ने-आण करणं हे त्याचं काम. त्याच्याशिवाय आपण श्वास घेऊन उपयोग नाही. पण हेच सायटोक्रोम सी फटीतून बाहेर पेशीत आलं, की ते मरणाचा निरोप ठरतं. शिआओदोंग वांग यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं तेव्हा कुणाचा चटकन विश्वास बसेना. जगवणारं प्रथिन जागा सोडताच मारणारं कसं होईल? पण तसंच आहे. बाहेर पडलेलं सायटोक्रोम सी अॅपाफ-१ नावाच्या प्रथिनाला जागं करतं, सात अॅपाफ-१ एकत्र येऊन चाकासारखी रचना होते, आणि त्या चाकावर कॅस्पेस नावाच्या कात्र्या सुरू होतात. पुढचं कापणं, आक्रसणं, पुरचुंड्या बांधणं हे त्या कात्र्यांचं काम.

म्हणजे सगळा प्रश्न बाहेरच्या पडद्याचा. त्याला भोकं पडली की संपलं. भोकं पाडणारे दोघं, बॅक्स आणि बॅक. यातल्या बॅक्सचा शोध स्टॅनली कोर्समायर यांच्या गटाने १९९३ मध्ये लावला. गंमत म्हणजे बॅक्स आणि बॅक हे बीसीएल-२चेच भाऊबंद, एकाच घराण्यातले, एकाच घडणीचे. त्यांना चेतवणारे निरोपेही आहेत: बिम, प्यूमा, बिड आणि आणखी काही. डीएनए फार बिघडलं की पी-५३ हे प्रथिन प्यूमाला धाडतं. वाढ-घटक मिळेनासा झाला की बिम निघतो.

बीसीएल-२ आपल्या शेपटीने त्या बाहेरच्या पडद्यात रोवून उभं असतं. २३९ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, आणि त्याच्या अंगावर एक लांबट खाच. निरोप्यांच्या अंगावरचा एक पिळदार तुकडा या खाचेत चपखल बसतो. लग्नघरात भांडण करायला आलेल्या पाहुण्याला दारावरच्या मंडळींनी हाताला धरून खुर्चीवर बसवावं, ‘बसा हो जरा’ म्हणत उठूच देऊ नये, तसं बीसीएल-२ निरोप्याला धरून ठेवतं. बॅक्स हाताशी सापडला तर त्यालाही धरतं. खुर्च्या शिल्लक आहेत तोवर घर शांत. येणारे खुर्च्यांपेक्षा जास्त झाले की उरलेले आत शिरतात आणि भोकं पडतात. आणखी खुर्च्यावाले आहेत, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ हे त्यातले दोन महत्त्वाचे. कुठली पेशी कुणाच्या भरवशावर जगते हे पेशीगणिक वेगळं असतं. पुढे हेच कामी येणार आहे.

आता ती निळी जागा.

गाठीतल्या त्या गोल वस्तीच्या मध्यभागी बी-पेशींची एक परीक्षा चालू असते. संसर्ग झाला की त्या तिथे येतात, भराभर विभागतात आणि आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकांत मुद्दाम बारीक बदल करून पाहतात. बहुतेक बदल फुकट जातात, काही घातक असतात, एखादाच सरस ठरतो. सरस ठरलेल्या पेशीला जगण्याचा इशारा मिळतो, उरलेल्या मेल्याच पाहिजेत. नाहीतर आपल्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं तयार व्हायची. म्हणून या जागेत शिरताना बी-पेशी आपलं बीसीएल-२ बंद करून येतात. खुर्च्या बाहेर ठेवून आत यायचं. तिथे मरणं ही रोजची रीत आहे, जगण्यासाठी वेगळं कारण दाखवावं लागतं.

म्हणून ती जागा निळी. आणि नीट पाहिलं तर त्या निळ्यात मधूनमधून फिकट, मोठ्या भक्षक पेशी दिसतात. त्यांच्या पोटात गडद कण असतात, ते मेलेल्या बी-पेशींचे तुकडे. काळ्या आभाळात चांदण्या विखुराव्या तशा त्या दिसतात. तुरळक तपकिरी ठिपकेही असतात, ते टी-पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकाराच्या दुसऱ्या एका जातीच्या पेशींचे. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या काचेवर मधला भाग तपकिरीने भरतो आणि या चांदण्या जवळपास दिसेनाशा होतात. खायला काही उरलेलंच नसतं, कारण कुणी मेलेलंच नसतं. एका काचपट्टीवर व्हॉचा तो प्रयोग कुणीतरी काढून ठेवल्यासारखं मला ते वाटतं.

मध्यंतरी ओळखीतल्या एका ताईंचा रात्री फोन आला. सासऱ्यांच्या रिपोर्टात ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं आणि घरात रडारड सुरू झाली होती. नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. निरोगी टी-पेशी पॉझिटिव्ह असतात, कड्यातल्या बी-पेशी पॉझिटिव्ह असतात. प्रश्न असतो तो कुठल्या पेशी, गाठीच्या कुठल्या भागात, आणि सोबतच्या बाकी तपासण्या काय म्हणतात. उलटही खरं आहे. काही थोड्या फॉलिक्युलर लिम्फोमांत बीसीएल-२ उमटतच नाही. एका शब्दावर उडी मारू नका, सगळा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा, एवढंच मी त्यांना सांगितलं. त्या वेळी मला दुसरं काही सांगता येण्यासारखंही नव्हतं.

बीसीएल-२ हा खलनायक नाही, हे १९९३ च्या उंदरांनी दाखवून दिलं. कोर्समायर यांच्या गटाने बीसीएल-२चं जनुकच नसलेले उंदीर जन्माला घातले. ते जन्मले, सुरुवातीला बरे दिसले. मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, रोगप्रतिकाराच्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि अंगावर दुसऱ्या खेपेचे केस आले ते पांढरे! केसाला रंग पुरवणाऱ्या मूळ पेशी बीसीएल-२च्या आधाराने जगतात, आधार गेला तशा त्या मेल्या. (हे ऐकून आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पहिला प्रश्न केसांच्या तेलाचाच विचारला. नाही, यातून तसलं तेल निघालेलं नाही.)

मग औषध. कल्पना सोपी आहे: निरोप्यांच्या जागी खुर्चीत दुसरं काहीतरी बसवायचं, म्हणजे धरून ठेवलेले निरोपे सुटतील. प्रत्यक्षात ते साधायला वीसएक वर्षं गेली. दोन प्रथिनं एकमेकांना जिथे चिकटतात ती जागा सहसा लांबरुंद आणि निसरडी असते, गोळीतल्या लहान रेणूला तिथे पकड मिळत नाही. अॅबट कंपनीत स्टीव्हन फेसिक यांच्या गटाने बीसीएल-एक्सएलची रचना काढली, खाचेत इथेतिथे हलकेच चिकटणारे छोटे तुकडे शोधले आणि ते एकमेकांना जोडत नेले. २००५ मध्ये एबीटी-७३७ हा रेणू जाहीर झाला. त्याच वर्षी, अवघ्या ५४व्या वर्षी, कोर्समायर गेले. फुप्फुसाच्या कर्करोगाने.

एबीटी-७३७ तोंडाने घेता येत नव्हता. पुढचा, नॅव्हिटोक्लॅक्स, गोळी म्हणून चालला, पण रुग्णांच्या प्लेटलेट पडू लागल्या. कारण सुंदर आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवी प्रथिनं फारशी बनवता येत नाहीत. ती अस्थिमज्जेतून निघताना बीसीएल-एक्सएलची शिदोरी घेऊन निघते, आणि ती झिजत गेली की आठ-दहा दिवसांत बॅक तिला मारतो. शिदोरी हेच तिचं घड्याळ. नॅव्हिटोक्लॅक्स बीसीएल-२सोबत बीसीएल-एक्सएललाही अडवायचा आणि घड्याळाचे काटे पुढे सरकवायचा, प्लेटलेट वेळेआधीच मरायची.

म्हणजे फक्त बीसीएल-२च्या खाचेत बसेल आणि भावाच्या खाचेत बसणार नाही असा रेणू हवा होता. दोन्ही खाचा जवळपास सारख्या. एके ठिकाणी मात्र बीसीएल-२मध्ये अॅस्पार्टिक आम्ल आहे आणि बीसीएल-एक्सएलमध्ये ग्लुटामिक आम्ल. फरक एका कार्बनचा! रसायनशास्त्रज्ञांनी तेवढ्या फरकाला हात घातला. तो रेणू म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. २०११ मध्ये मेलबर्नमध्ये, जिथे व्हॉने तो प्रयोग केला त्याच शहरात, तो रुग्णांना पहिल्यांदा देण्यात आला. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल या रक्ताच्या कर्करोगाच्या, उपचारांना दाद न देणाऱ्या एका प्रकारासाठी.

सीएलएलमध्ये १४-१८ची अदलाबदल सहसा नसते, तरी बीसीएल-२ भरपूर असतं. तिथे अनेकदा १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि त्याच्याबरोबर बीसीएल-२ला आवर घालणारे दोन छोटे आरएनए जातात. या पेशींत बिम आधीपासून ठासून भरलेला असतो, सगळा खुर्च्यांत दाबून बसवलेला. मरण दारात उभं असतं, दार तेवढं बीसीएल-२ने धरलेलं. औषध आलं की ती पेशी काही तासांत मरते. निरोगी पेशीत एवढे निरोपे अडकलेलेच नसतात, म्हणून ती तगते. पहिल्या मोठ्या चाचणीत, आजार उलटलेल्या ११६ रुग्णांपैकी ७९ टक्क्यांना औषध लागू पडलं.

पण औषधाचा जोर हीच त्याची भीती ठरली. एका दिवसात एवढ्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात लोटतं, मूत्रपिंडं तुंबतात, हृदयाचे ठोके चुकतात. सुरुवातीच्या चाचण्यांत याने रुग्ण दगावलेही. म्हणून आता सीएलएलमध्ये दर आठवड्याला पायरी चढतात: २० मिलिग्रॅम, ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००.

आमच्या आतोबांचे ते पाच आठवडे मी जवळून पाहिले. पहिली २० मिलिग्रॅमची गोळी इवलीशी होती. आतोबा म्हणाले, ‘‘अगं, हिने काय होणार?’’ दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तेव्हा पांढऱ्या पेशींचा आकडा घसरायला लागला होता. आत्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक तांब्या वेगळा काढून ठेवला होता आणि कॅलेंडरवर रेघोट्या मारत ती दिवसाला आठ ग्लास पाणी मोजून पाजायची, गोळी सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून. गोळी जेवणासोबत घ्यायची. ग्रेपफ्रूट बंद, करंबळही बंद, कारण ही फळं शरीरात औषध मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि रक्तातलं औषध चढतं. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू, म्हणून आत्याने डॉक्टरांना विचारून अंगणातलं पपनसही शेजारी वाटून टाकलं. बुरशीवरची काही औषधंही असंच करतात, तेव्हा डॉक्टर व्हेनेटोक्लॅक्सची मात्रा बरीच कमी करतात. घरातल्या कुणी ‘साधीच गोळी आहे’ म्हणून परस्पर काही देऊ नये, इतकं हे नाजूक गणित आहे.

ज्येष्ठ रुग्णांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, जिथे कडक केमो झेपत नाही, तिथेही हे औषध अॅझासायटिडिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिलं जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने मध्यम आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेलं. आकडा लहान वाटतो, ज्यांच्या घरात तो माणूस आहे त्यांना तो लहान नसतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगात मात्र एका चाचणीत औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. नंतर दिसलं की मायलोमाच्या एका ठरावीक प्रकारात, ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल असलेल्यांत, ते उपयोगी पडतं. पेशी कुणाच्या भरवशावर जगते आहे, हे आधी विचारावं लागतं.

आणि पेशीही हार मानत नाहीत. वर्षानुवर्षं औषध घेतलेल्या काही सीएलएल रुग्णांत बीसीएल-२च्या १०१व्या जागेवरचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल बदलून तिथे व्हॅलिन हे दुसरं आलेलं सापडलं. खाच एवढीशी बदलते, औषध निसटतं, पण निरोपे मात्र पूर्वीसारखेच धरले जातात. काही पेशी बीसीएल-२चा नाद सोडून एमसीएल-१च्या आश्रयाला जातात. एमसीएल-१ला अडवणारी औषधं चाचणीत आली खरी, पण हृदयाच्या पेशीही त्याच प्रथिनावर विसंबून असतात. हृदयावर परिणाम दिसल्याने काही चाचण्या थांबवाव्या लागल्या.

म्हणून आता कल वेगळा आहे. औषध अखंड द्यायचं नाही, दुसऱ्या औषधाच्या जोडीने ठरावीक काळच द्यायचं, वर्ष किंवा दोन वर्षं, आणि पेशींना शिकायला वेळ मिळायच्या आत थांबायचं. आतोबांची दोन वर्षं येत्या चैत्रात पुरी होतील. तेव्हा त्यांच्या रक्तात दहा हजार पेशींमागे एक तरी सीएलएलची पेशी उरली आहे का, ते शोधतील. नसेल तर गोळी बंद. आत्याने कॅलेंडरवर तो दिवस आधीच गोल करून ठेवलाय आणि तांब्या अजून ओट्यावरच आहे.